गोबनेट डोंगरावर जाते

आई गेल्याला महिना झाला म्हणून चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी गोबनेट क्रीडनने गोठ्यातली पहार उचलली, घरामागच्या गडग्यापाशी गेली आणि एकेक दगड उचकटायला लागली.

कूमलारा खोऱ्यातलं हे शेवटचं घर. डांबरी रस्ता याच्या अंगणात येऊन संपतो. पुढे दलदल, नेच्यांचं रान आणि मग उभा नॉकराहन डोंगर. पूर्वी या गडग्यात एक लाकडी फाटक होतं आणि मेंढ्या त्यातूनच वर चरायला जायच्या. गोबनेट सात वर्षांची असताना एका नोव्हेंबरात तिचा बाप कॉन चुकलेल्या मेंढ्या आणायला त्याच फाटकातून गेला. धुकं उतरलं. तिसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी त्याला खांद्यावरून खाली आणलं. खडकावरून पडला, क्षणात गेला, असं त्यांनी सांगितलं. पुरून आल्यावर तिच्या आईने, हॅनाने, फाटक बिजागऱ्यांसकट उखडून चुलीत घातलं आणि ती जागा स्वतःच्या हाताने दगड रचून बुजवून टाकली. मेंढ्या विकल्या, दोन गाई ठेवल्या. "या घरातलं कुणी पुन्हा त्या डोंगरावर पाय ठेवणार नाही," एवढं एकदाच बोलली. पुन्हा बोलायची तिला गरज पडली नाही.

शेजारचा मॉसी टूमी मेंढ्या हाकत चालला होता, तो गडग्यापाशी थांबला. सत्तरी उलटलेला, बिनलग्नाचा, जिभेला हाड नसलेला माणूस.

"काय गं, म्हातारीने आत सोनं पुरून ठेवलंय असं कळलं की काय?"

"तू तुझ्या मेंढ्या बघ, मॉसी."

"त्यांनाच बघत होतो. पण त्या थांबून तुला बघतायत. आईला जाऊन महिना नाही झाला आणि—"

"महिना काल झाला. मिस्सेत पहिल्या बाकावर बसून घोरत होता तो कोण होता?"

"मी डोळे मिटून प्रार्थना करतो." मॉसीने टोपी मागे सारली. "पण हे उघडून करणार काय तू?"

"वर जाणार."

तो हसला. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. कुत्र्याला शीळ घालून तो चालू लागला.

गोबनेटचं आयुष्य त्या बुजवलेल्या फाटकाच्या अलीकडे गेलं होतं. जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळं खोरं फ्रॉखन वेचायला वर जायचं. हेदरच्या झुडपांखाली ही बारीक निळी फळं पिकतात, आणि त्या दिवशी पोरं संध्याकाळी जांभळी तोंडं घेऊन, गात खाली यायची. गोबनेट आणि तिचा भाऊ फिनबार खिडकीतून ती मिरवणूक बघायचे. फिनबार मोठा झाल्यावर बोस्टनला गेला. गोबनेट गावातल्या दूध संस्थेच्या दुकानात काउंटरवर बसायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच बसली. विशीत असताना डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला एक जण तिच्यावर जीव टाकून होता. रविवारी दुपारी चालत खिंड ओलांडून तिला भेटायला यायचा. हॅनाने त्याला एकदाही उंबरा ओलांडू दिला नाही. "डोंगरावरून आलेला माणूस माझ्या घरात नको," म्हणाली. तो रस्त्याने वळसा घालून आला असता तर कदाचित चाललं असतं. पण त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती, आणि पुढच्या वर्षी त्याने त्याच्याच बाजूची एक मुलगी केली.

हॅना नव्वदी पार करून गेली. शेवटची वर्षं ती मागच्या खिडकीशी बसून असायची आणि डोंगर चढायला येणाऱ्या पाहुण्यांकडे डोळे वटारून बघायची. हे पाहुणे अलीकडचे. हॉलंडचे, जर्मनीचे, डब्लिनचेही. अंगणासमोर गाडी लावायची, बुटांच्या नाड्या आवळायच्या, मॉसीच्या रानातून वळसा घालून वर जायचं. येताना थंडीने कुडकुडत दार वाजवायचे, प्यायला पाणी मागायचे. गोबनेट चहा करायची, सोडा ब्रेडचे जाड काप कापून वर लोणी थापायची. ते तिला सांगायचे की वर तळं आहे, तळ्याच्या वर खिंड, खिंडीतून उजवीकडे शिखर. घराच्या मागचा डोंगर तिला असा दूरदेशीच्या माणसांच्या तोंडून कळला.

एकदा एका डच बाईने चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "तुम्ही तर नेहमी जात असाल ना वर?"

गोबनेटने खिडकीकडे पाहिलं. आई तिथे बसली होती. "चहा अजून घ्या," ती म्हणाली.

त्या रात्री तिने मनाशी ठरवून टाकलं. आई असेपर्यंत नाही. आई गेल्यावर एक दिवससुद्धा थांबायचं नाही. प्रत्यक्षात ती महिनाभर थांबली, कारण मिस्सेआधी असं काही करणं तिला बरं दिसेना.

दगड उपसायला दोन दिवस लागले. हॅनाने ते काही कच्चे रचले नव्हते, आणि गोबनेटने साठी ओलांडलेली होती. तिसऱ्या दिवशी ती दुकानात जायचे जुने रबरी बूट घालून त्या वाटेला लागली.

पहिल्या दलदलीतच तिचा डावा बूट रुतला. पाय बाहेर आला, बूट आतच राहिला. चिखलात कोपरापर्यंत हात घालून तिने तो उपसला, तेव्हा मॉसी पलीकडच्या बांधावर बसून सगळं बघत होता.

"शिखर दिसलं का?" त्याने विचारलं.

"ढग होते," गोबनेट म्हणाली, आणि एका पायात मोजा, एका पायात बूट अशी घरी आली.

दुसऱ्या दिवशी किलार्नीला जाऊन तिने घोट्यापर्यंतचे चामडी बूट घेतले. दुकानातल्या पोरीने "कुणासाठी?" म्हणून विचारलं तेव्हा तिने आपला पाय पुढे केला. मग ती रोज जायला लागली. मे महिना होता. आधी दलदल कुठे टाळायची ते शिकली. मग पडक्या मेंढवाड्यापर्यंत जाऊन बसायची, दम खाऊन परत यायची. मग तळ्यापर्यंत. गुडघा सुजायचा. संध्याकाळी त्यावर थंड कपडा ठेवून ती बसायची आणि सकाळी पुन्हा बुटांच्या नाड्या बांधायची. तळ्याच्या वरचा चढ तिला दरवेळी हरवायचा. छाती भात्यासारखी व्हायची, डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायचे. ती तिथल्या एका दगडावर बसून शिव्या द्यायची, दुकानात काउंटरवर असताना ज्या देता आल्या नव्हत्या त्या सगळ्या. मग उठून कालच्यापेक्षा चार पावलं पुढे जाऊन परत फिरायची.

फिनबारचा रविवारी फोन यायचा. त्याला कुणीतरी कळवलं होतं.

"गोबनेट, हे काय चाललंय? आई असती तर काय म्हणाली असती?"

"आई असती तर मी गेले नसते. म्हणून ती गेल्यावर जातेय."

"त्या डोंगराने आपल्या घरातला एक घेतला. तो पुरे नाही का झाला?"

"डोंगर काही घेत नाही, फिनबार. बाबांना धुक्यात वाट सापडली नाही. तू बोस्टनमध्ये रोज भुयारी गाडीतून जातोस, तिथे माणसं मरत नाहीत?"

"तुला काही झालं तर मी इथून काय करू?"

"जे आजवर केलंस तेच. ख्रिसमसला कार्ड पाठव."

फोन ठेवल्यावर तिला वाईट वाटलं. असं तोडून बोलायला नको होतं. पण परत फोन लावला नाही. लावला असता तर त्याने रडून तिला थांबवलं असतं, हे तिला माहीत होतं.

जूनमध्ये एका दुपारी ती तळ्यावरून उतरत असताना मॉसी मेंढवाड्यापाशी भेटला. एक मेंढी भिंतीत अडकली होती, ती दोघांनी मिळून सोडवली. मग भिंतीला टेकून त्याने पाईप पेटवला.

"मॉसी," गोबनेट म्हणाली, "तू होतास ना त्या शोधात? तुझ्या वडिलांबरोबर."

"सतरा वर्षांचा होतो."

"मग मला सांग, बाबा कुठल्या खडकावरून पडले? मी तळ्यावरचे सगळे कडे बघितले. तिथून माणूस पडला तर तळ्यात पडेल. आणि तुम्ही तर त्यांना पलीकडच्या अंगाने आणलंत म्हणतात."

मॉसी पाईपच ओढत राहिला.

"मॉसी."

"पडला नव्हता तो." मॉसी तिच्याकडे न बघता म्हणाला. "म्हणजे पाय मोडला होता. घसरून. पण मेला तो थंडीने. खिंडीच्या पलीकडे. दोन रात्री जिवंत होता, डॉक्टर म्हणाला. माझ्या बापाने वरच आम्हा सगळ्यांना शपथ घातली. हॅनाला सांगायचं, पडला आणि क्षणात गेला. तिला वाटायला नको की ती इथे दिवा लावून बसली होती तेव्हा तो तिकडे..."

गोबनेट उभी राहिली. "आणि तू इतकी वर्षं गप्प बसलास."

"शपथ होती, पोरी."

"तुझा बाप मरूनही किती वर्षं झाली! माझी आई जन्मभर समजत राहिली की हा डोंगर माणसाला ढकलून देतो. तिने मला अंगणात बांधून घातलं, मॉसी. तुला दिसत होतं ते. रोज दिसत होतं."

"दिसत होतं," मॉसी म्हणाला.

ती खाली निघून आली. पुढचे कित्येक दिवस ती मॉसीशी बोलली नाही. तो दुधाची बाटली तिच्या दाराशी ठेवून जायचा, गोबनेट ती तशीच राहू द्यायची. चर्चमध्ये त्याने मान हलवली तर ती मेणबत्त्यांकडे बघायची. डोंगरावर मात्र रोज गेली. रागाने का होईना, पण तळ्यावरचा तो चढ तिने त्याच आठवड्यात पार केला आणि पहिल्यांदा खिंडीत उभी राहिली. वारा इतका होता की टोपी उडून गेली. पलीकडे दुसरं खोरं दिसत होतं, हिरवे तुकडे, पांढरी घरं. कुठे बसले असतील बाबा, तिला काही समजेना. तो सगळा उतार दगडांनी भरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मॉसीचं दार वाजवलं. तो अंडं उकडत होता.

"मला ती जागा दाखव."

"माझे गुडघे बघितलेस? मी आता खिंडीपर्यंत—"

"माझा एक गुडघा तुझ्या दोन्हीपेक्षा वाईट आहे. येणार नसशील तर मी एकटी जाऊन दगड न् दगड उलटा करीन."

"तू तुझ्या आईवर गेलीस," मॉसी म्हणाला.

"हो. गेलेच आहे. अंडं खाऊन घे, मी थांबते."

ते निघाले. मॉसीचा कुत्रा पुढे, मॉसी काठी टेकत मध्ये, गोबनेट मागे. मॉसी वाटभर कुरकुरत होता. गुडघ्यांवर, सरकारवर, लोकरीवर, पाहुण्यांनी उघड्या टाकलेल्या फाटकांवर. चढावर ती त्याच्या पाठीला हात लावत होती. तळ्याशी पोचेपर्यंत ऊन होतं. खिंडीच्या खाली आल्यावर पश्चिमेकडून ढग आला आणि बघता बघता दहा पावलांवरचा कुत्रा दिसेनासा झाला.

मॉसी थांबला. गोबनेटही थांबली. चारी बाजूंनी पांढरं. पाण्याचे बारीक थेंब भुवयांवर जमायला लागले.

"अगदी जवळ आलोय," मॉसी म्हणाला. "खिंड ओलांडली की डाव्या हाताला. तुला हवं असेल तर..."

तिला हवं होतं. सगळं अंग पुढे ओढत होतं. ती क्षणभर त्या पांढऱ्यात बघत उभी राहिली. बाबाही इथेच कुठेतरी उभे राहिले असतील. मेंढ्या अगदी जवळ आहेत, असं त्यांनाही वाटलं असेल.

"परत फिरू," ती म्हणाली.

मॉसीने तिच्याकडे नीट पाहिलं. "मला वाटलं तू मला ओढून नेशील."

"नेईन की. ऊन पडलेल्या दिवशी. मला ती जागा बघायची आहे, तिथे राहायचं नाहीये."

तळ्यापर्यंत दोघं हात धरून उतरले. तिथे धुकं विरळ झाल्यावर मॉसीने हात सोडवून घेतला आणि म्हणाला, "हे गावात कुणाला सांगू नकोस. माझी अब्रू जाईल."

त्यानंतर आठवडाभर पाऊस झोडपत राहिला. गोबनेटने ब्रेड भाजले, पाहुण्यांना परत पाठवलं, "आज वर जाऊ नका, काही दिसणार नाही," म्हणून दाराशी आडवी उभी राहिली. एका तरुण जोडप्याने हुज्जत घातली, आम्ही इतक्या लांबून आलोय म्हणून. "डोंगर उद्या जातो कुठे?" म्हणत तिने त्यांना बसवून बेकन आणि कोबी खायला घातला.

जुलैच्या शेवटच्या रविवारी आभाळ धुऊन निघालं. मिस्सा संपल्यावर मॉसी चर्चच्या दारातच काठी घेऊन उभा होता. "चल, आता रडगाणं गायला माझ्याकडे कारण उरलं नाही."

खिंड ओलांडून ते डावीकडे उतरले. एका मोठ्या तिरक्या खडकाच्या खाली मॉसी थांबला आणि त्याने काठीने दाखवलं. खडकाला लागून अर्धगोल आकारात दगड रचलेले होते. गुडघाभर उंच. वरचे काही ढासळलेले, सगळ्यांवर शेवाळ आणि पिवळे डाग.

"हे मेंढपाळाचं नाही," मॉसी म्हणाला. "त्याने रचलं. पाय मोडलेला असताना, बसल्या बसल्या, हाताला येतील ते दगड ओढून. वाऱ्याच्या बाजूने. आम्ही आलो तेव्हा त्याच्या हातांची बोटं..." तो थांबला. "माझा बाप म्हणाला, एक दिवस आधी धुकं निवळलं असतं तर हा माणूस जगला असता. त्याने हात टेकले नव्हते, गोबनेट. शेवटपर्यंत कामाला लागलेला होता."

गोबनेट वाकली आणि आत जाऊन बसली. तिच्यापुरती जागा होती. वारा एकदम थांबला. बाहेर तो घोंघावत होता, पण आत गालावर येत नव्हता. भिंत अजून काम करत होती. तिने दगडांवर हात ठेवला. बाबांचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता. आठवायची ती त्यांच्या कोटाची ओली लोकर आणि उंच उचलून घेतल्यावर छताला लागणारं आपलं डोकं. ती रडली. बराच वेळ, आवाज करून. मॉसी पाठ करून उभा राहिला आणि कुत्र्याशी हवापाण्याच्या गप्पा मारू लागला.

मग ती बाहेर आली. वरचे ढासळलेले दोन दगड तिने उचलून जागेवर बसवले.

"झालं?" मॉसीने विचारलं. "उतरायचं?"

"शिखर राहिलंय."

"अगं, शिखरावर काय आहे! दगड आहेत आणि वारा आहे."

"ते मी बघून तुला सांगते. तू इथे बस."

मॉसी बसला. खिंडीच्या उजवीकडची डोंगरधार ती एकटी चढली. शेवटचा भाग हात टेकत, गुडघ्याला दटावत. वर खरोखरच दगड होते आणि वारा होता. आणि समुद्र होता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाहुण्यांना त्याचं अप्रूप नसावं, किंवा त्यांच्या दिवशी ढग असावा. डोंगरांच्या रांगा संपल्या की तिकडे चकाकणारं पाणी, बेटं, आणि कडेला पांढरी रेघ. घरापासून एवढ्या जवळ समुद्र होता आणि आयुष्यभर तिच्या आणि त्याच्यामध्ये हा एक डोंगर उभा होता. ती दगडांच्या ढिगाला पाठ टेकून बसली आणि डोळे दुखेपर्यंत बघत राहिली.

उतरताना तिला हेदरखाली फ्रॉखन दिसली. तिने टोपी भरली. मॉसीने मूठभर तोंडात टाकली आणि म्हणाला, "बी माझ्या कवळीत अडकणार," पण थांबला नाही.

त्या रविवारी रात्री फिनबारचा फोन आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. पाय, शपथ, भिंत.

"म्हणजे बाबा वाट बघत होते," तो म्हणाला.

"वाट बघत नुसते बसले नव्हते. तू येऊन बघ."

"मला हृदयाचा त्रास आहे, गोबनेट."

"मग मेपासून चालायला लाग. मी सांगते कसं."

गोबनेटने गडग्यात नवं फाटक बसवलं. सुताराने लोखंडी बसव म्हटलं, तिने ओकचं बसवलं. पाहुणे आता मॉसीच्या रानातून न जाता तिथूनच जातात, म्हणून मॉसी सगळ्यांना सांगत फिरतो की क्रीडनबाईने त्याचं गिऱ्हाईक पळवलं. धुकं असलं की ती फाटकाला कडी घालून चहा टाकते. काही जण रागावतात. ती त्यांना रागावू देते.

पुढच्या जुलैत फिनबार आला, पांढरे नवेकोरे बूट घालून. खोऱ्यातली दहा-बारा माणसंही त्या रविवारी निघाली. फ्रॉखन वेचायला कुणी वर गेल्याला जमाना झाला होता. फिनबार मेंढवाड्याशी बसला, तळ्याशी बसला, खिंडीच्या चढावर मधेच बसला आणि म्हणाला की तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि तो डोंगराकडे न बघता बुटांकडे बघत होता.

गोबनेट त्याच्या शेजारी दगडावर बसली. बाकीच्यांना तिने हाताने पुढे जा म्हणून खुणावलं.

"तुला जायचं असेल तर जा," फिनबार म्हणाला.

"मला कसली घाई? मी बघितलंय वरचं." तिने पिशवीतून ब्रेड काढला, त्याचे दोन भाग केले. "खा. दम घे. मग चार पावलं. मग पुन्हा बसू."

त्याने ब्रेड खाल्ला. हात पुसले. आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.